डब्याची पिशवी आणि उलटा धागा

शुक्रवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वरच्या ओळीत ‘ताईस’च्या आधी शाईचा जो गोळा दिसतोय, तो पेन गळल्यामुळे झालेला नाही. सवयीने तिथे एक अक्षर लिहिलं गेलं, मग लक्षात आलं, मग खोडलं, मग खोडलेलं वाचता येऊ नये म्हणून आणखी खोडलं. खरं तर कागद बदलायला हवा होता. पण हा चौथा कागद आहे, आणि आधीच्या तिन्ही वेळा हात तिकडेच गेला होता. तेव्हा आता आहे ते असं आहे, पोटात घाल.

तब्येत कशी आहे, असं पत्रात विचारायची पद्धत आहे आणि मी ती पाळतो, पण उत्तर खरं दे. गुडघा कसा आहे? झोप लागते का? दोन वेळा जेवतेस की सकाळचंच संध्याकाळी पुरवतेस? फोनवर मी विचारतो, तू ‘बरी आहे’ म्हणतेस, मी ‘बरं’ म्हणतो आणि आपण फोन ठेवतो. (चुकीचा नंबर लागलेली माणसंसुद्धा एकमेकांशी यापेक्षा जास्त बोलतात.) तू दुकान अजून उघडलं नाहीस, हे मला तुझ्याकडून नाही, समोरच्या घड्याळवाल्याकडून कळलं. लोक त्याच्याकडे येऊन विचारतात म्हणे, शिवणकामाच्या बाई कधी येणार. तो बिचारा दर वेळी मनगटावरच्या घड्याळात बघतो आणि ‘येतील’ म्हणतो. माझी तब्येत म्हणशील तर उत्तम आहे. जेवण जातं, झोप लागते, पोट पुढे येतंय. अशा वेळी इतकं धडधाकट असायची थोडी लाज वाटते, पण त्याला इलाज नाही.

तुझा तीन पुडांचा डबा माझ्याकडेच आहे, तो सुखरूप आहे. झाकणाची कडीसुद्धा जागेवर आहे. गेल्या आठ महिन्यांत तू तो दोनदा मागितलास आणि तिसऱ्या वेळी ‘राहू दे’ म्हणालीस. मागितलास तेव्हा काही वाटलं नव्हतं, पण ते ‘राहू दे’ फार लागलं. ज्या ताईने एका वाटीसाठी शेजारणीशी दीड वर्ष अबोला धरला, ती आख्ख्या तीन पुडांवर पाणी सोडते म्हणजे काय! डबा परत करायला मी आलो नाही याला कामाचा व्याप हे कारण मी सांगितलं होतं. व्याप होताच. तो कसला, हेच सांगायला हे पत्र लिहितोय.

मला या प्रयोगशाळेत भावजींनी लावलं हे तुला सांगायला नको. त्याआधी मी जे करत होतो त्याला तू ‘काम’ म्हणायचीस आणि आई ‘नसते उद्योग’ म्हणायची, आणि आईचं बरोबर होतं. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दाराआड आम्हा दोघांची टेबलं, मध्ये एक फळी. नऊ वर्षं त्या फळीवरून त्यांचा हात यायचा आणि माझ्या टेबलावर अर्धं सफरचंद ठेवून परत जायचा. हे त्यांनी तुला कधी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. अर्धं सफरचंद आलं की समजायचं, आपल्या प्रोग्राममध्ये काहीतरी चुकलंय, त्यांना ते दिसलंय, आणि ते खाऊन होईपर्यंत आपल्याला सापडलं नाही तर ते खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसतील. मोठ्याने बोलायचं नाही, दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही. (आख्खं सफरचंद नऊ वर्षांत एकदाच आलं होतं. त्या दिवशी मी सगळ्या इमारतीचे पासवर्ड पुसले होते.) मला तेव्हा या प्रकाराचा राग यायचा. मी काय शाळेत आहे, असं वाटायचं. आता फळवाल्याच्या दुकानापुढून जातानासुद्धा मी रस्ता ओलांडतो.

त्यांच्या मोठ्या प्रोग्रामला ऑफिसात सगळे ‘रांग’ म्हणायचे. रांगेचं काम काय, तर आपल्या पेशीत जो लांबच लांब दुहेरी धागा असतो, त्यावर कुठे काय आहे याची यादी तिच्याकडे येते. अमुक तुकडा या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत, तमुक तुकडा त्या आकड्यापासून पलीकडच्या आकड्यापर्यंत, असे लाखभर तुकडे, आणि येतात ते भाजीची पिशवी उपडी केल्यासारखे. रांगेने त्यांना क्रमाने उभं करायचं, एकमेकांवर चढलेले तुकडे जोडायचे आणि शेवटी प्रत्येक जनुकाचे भाग पहिला, दुसरा, तिसरा असे मोजून द्यायचे. यात गोम एकच. धागा दुहेरी आहे. काही जनुकं एका धाग्यावर असतात, ती डावीकडून उजवीकडे वाचायची. काही दुसऱ्या धाग्यावर असतात, ती उजवीकडून डावीकडे. आकडे मात्र सगळ्यांना डावीकडूनच घातलेले. म्हणजे उलट्या धाग्यावरचं जनुक जिथे सुरू होतं, तिथे त्याचा आकडा संपत असतो. कोण कुठल्या धाग्यावरचं हे कळावं म्हणून प्रत्येक तुकड्यापुढे एक खूण असते, अधिकची नाहीतर उण्याची. एवढीशी खूण, पण भावजी तिला फार मान द्यायचे. त्यांची रांग आधी खूण बघायची, सुलट्यांचा एक ढीग आणि उलट्यांचा एक असे दोन ढीग करायची, प्रत्येक ढीग आपापल्या टोकाकडून लावायची, जोडायची, मोजायची, आणि मग कुठे दोघांना एकत्र आणायची. याला चाळीस मिनिटं लागायची. त्या चाळीस मिनिटांत भावजी वर्तमानपत्र वाचायचे, तेही शेवटच्या पानावरून पहिल्याकडे.

मला ती चाळीस मिनिटं बघवेनात. (माझा स्वभाव तुला माहीत आहे. लहानपणी दूध उतू जायची वाट बघवत नाही म्हणून मी गॅस मोठा करायचो.) मी आठवडाभर खपून नवी रांग लिहिली. दोन ढीग कशाला, एकच करू. आकड्याप्रमाणे सगळे एका ओळीत लावू, जे एकमेकांवर चढलेत ते जोडू, मग मोजू. अकरा मिनिटं! खूण मी काढून टाकली नव्हती, एवढं माझ्या बाजूने लक्षात ठेव. ती तुकड्याबरोबर शेवटपर्यंत जायची. मोजताना मी तिच्याकडे बघतही होतो. फक्त लावताना आणि जोडताना बघत नव्हतो. त्याने काय मोठंसं बिघडणार आहे, असं मला वाटलं.

मंगळवारच्या बैठकीत मी ती अकरा मिनिटं सगळ्यांसमोर मांडली. साहेब खूश झाले. पंचवीस माणसं, लांब टेबल, आणि टोकाला भावजी. त्यांनी फक्त एक विचारलं, एकाच जागेवर दोघं असतील तर, एक सुलटा आणि एक उलटा, तर जोडताना काय होणार? मला ते समजलंच नाही. खरं सांगायचं तर समजून घ्यायचंच नव्हतं, कारण साहेब माझ्याकडे हसून बघत होते आणि असं ते नऊ वर्षांत पहिल्यांदा बघत होते. मी म्हणालो, “भावजी, एका बाकावर दोन माणसं पाठीला पाठ लावून बसली, तरी बाक एकच ना?” सगळं टेबल हसलं. आणि त्यावर मी, ताई, ‘काहींना वर्तमानपत्र वाचायला चाळीस मिनिटं हवीतच’ असंही म्हणालो. मग तर फारच हसले. भावजीही हसले. म्हणाले, “बरं सुचलं शालकबुवांना.” मग पेनाला टोपण लावलं. त्या दिवशी फळीवरून सफरचंद आलं नाही, तेव्हा मी समजलो की आपण जिंकलो.

त्या रविवारी तू जेवायला बोलावलं होतंस आणि मला ताप आला, हे तुला आठवत असेल. संध्याकाळी भावजी स्वतः डबा घेऊन आले. मी पांघरूण डोक्यापर्यंत ओढून पडलो होतो. ते खाटेच्या कडेला बसले, माझ्या कपाळावर हात ठेवला, जरा वेळ ठेवून दिला आणि म्हणाले, “उतरलाय वाटतं.” मग डब्याची कापडी पिशवी दाराच्या खिळ्याला लावून, चपला घालून निघून गेले. जिना उतरताना मध्ये एकदा थांबल्याचा आवाज आला. डब्याच्या वरच्या पुडात एक आख्खं सफरचंद होतं. आजारी माणसाला फळ देतात, तू ठेवलं असशील, असं समजून मी ते खाऊन टाकलं. सोमवारपासून ते बुधवारपर्यंत मी तापाची रजा काढली. गुरुवारी सकाळी ते बसथांब्यावर खाली बसले, ते उठलेच नाहीत. हे तुला मी काय सांगणार.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू त्यांचं सामान एका खोक्यात भरून घेऊन गेलीस ती पुन्हा ऑफिसकडे फिरकली नाहीस, आणि मी सांगितलं नाही. साहेबांनी मला त्यांची खुर्ची दिली. मोठ्या मानाची खुर्ची, पण एका पायाखाली पुठ्ठ्याची मळकी घडी सरकवलेली. आता ही खुर्ची माझी, हा कचरा कशाला, म्हणून मी ती घडी काढून टोपलीत टाकली. नेमके त्याच वेळी साहेब बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन आले, ‘आणि हे आमचे अकरा मिनिटंवाले’ म्हणाले, आणि अकरा मिनिटंवाले नमस्कार करायला वाकले ते थेट पाहुण्यांच्या बुटांपर्यंत पोचले. पाहुण्यांना वाटलं, इथली माणसं फारच नम्र आहेत. शिवाय मला एक प्रशस्तिपत्रक मिळालं. ते चौकटीत घालून, माझ्या फोटोसकट, पिण्याच्या पाण्याच्या नळासमोर लावलं. (फोटोत मी कुठेतरी दुखत असल्यासारखा हसतोय.) आणि भावजींचा संगणक पुसून नवीन माणसाला देताना, त्यातली जुनी रांग ठेवायची का असं मला विचारलं, तेव्हा ‘आता लागणार नाही’ असं मीच म्हणालो. जुन्या गोष्टींच्या प्रती जपून ठेवायची आमच्याकडे चोख व्यवस्था होती. ती व्यवस्था म्हणजे भावजी होते, हे नंतर लक्षात आलं.

आता थेंबबाईंकडे येतो. दुसऱ्या मजल्यावर एक वयस्क बाई दिवसभर काचेच्या नळ्यांत थेंब टाकत बसतात, त्यांना आम्ही थेंबबाई म्हणतो. (त्यांना हे माहीत आहे आणि त्यांना ते आवडतं.) भावजी आणि त्या एकाच वर्षी इथे लागले. या वर्षअखेर त्या निवृत्त होणार. जायच्या आधी एका जनुकाचा पत्ता लावायचा म्हणून त्यांनी ते जनुक पाळायला घेतल्यासारखं मनावर घेतलं होतं. माझ्या नव्या रांगेने त्यांना त्या जनुकाचा पहिला भाग कुठला ते छापून दिलं. सहा महिने त्या तिथे थेंब टाकत होत्या आणि काही म्हणजे काही हलत नव्हतं. त्यांनी औषधं बदलली, नळ्या बदलल्या, खोलीचं तापमान बदललं, शेवटी स्वतःचा चष्मा बदलला. मग एका दुपारी जिना चढून माझ्याकडे आल्या. (त्यांचा गुडघा तुझ्यापेक्षा वाईट आहे.) त्यांच्या हातात दोन कागद होते, एक जुन्या रांगेचा, भावजींनी कधीतरी काढून दिलेला, आणि एक माझा. भावजींच्या कागदावर त्या जनुकापुढे उण्याची खूण होती, माझ्या कागदावर अधिकची.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे जुळवून बघितले. त्यांचं जनुक उलट्या धाग्यावरचं. पण त्याच जागेवर, सुलट्या धाग्यावर, दुसरं एक जनुक थोडं आधी सुरू होतं. माझ्या रांगेने दोघांना आकड्याप्रमाणे शेजारी उभं केलं, एकमेकांवर चढलेत म्हणून जोडून एक केलं, आणि आधी उभं होतं त्याची खूण दोघांना लावली. एका बाकावर पाठीला पाठ लावून बसलेली दोन माणसं, आणि मी त्यांचा एकच माणूस केला होता. मग भाग मोजले ते भलत्या टोकाकडून. सहा महिने बाई त्या जनुकाच्या शेपटीला तोंड समजून भरवत होत्या. भावजींनी मंगळवारी विचारलं होतं ते हेच. अशी जनुकं सगळी नाहीत, वीसेक हजारांत काहीशेच असतील, म्हणून तर आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही. बाई रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “हे आधी बरोबर यायचं ना रे?” मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “मग माझे थेंब चुकत नव्हते तर.” आणि कठड्याला धरून, एक एक पायरी, खाली गेल्या. मी त्यांना हातही दिला नाही. मी आपला पाणी प्यायला गेलो, तर समोर माझाच फोटो हसत होता.

साहेबांना सांगितलं. ते फोटोतल्या माझ्यापेक्षाही वाईट दिसायला लागले. आता त्यांचा कुणाच्या तोंडी शब्दावर विश्वास नाही, माझ्या तर नाहीच. जुन्या रांगेचे नियम भावजींच्या हातचे, लेखी, हवेत म्हणाले. भावजींच्या फळीवर जुन्या प्रोग्रामचं पहिलं पान टाचलेलं आहे. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘दोन ढिगांना हात लावू नका. कारण वहीत, पान एकेचाळीस.’ नऊ वर्षं ते पान माझ्या नाकासमोर होतं. वही म्हणजे ती निळी, जाड पुठ्ठ्याची. तिच्यासाठी मी ऑफिस पालथं घातलं. कपाटांवर चढलो. अडगळीच्या खोलीत दोन मांडण्यांच्या मधे शिरलो, तो तिथेच अडकलो (पोटाचं वर लिहिलंच आहे), आणि पहारेकऱ्याने येऊन ओढून काढेपर्यंत अर्धा तास तिथे उभा होतो. तो म्हणाला, काय शोधताय? मी म्हणालो, वही. तो म्हणाला, कुणाची? मी भावजींचं नाव घेतलं आणि मला तिथेच, त्या दोन मांडण्यांच्या मधे, रडू आलं. ताई, मी त्या गुरुवारी रडलो नव्हतो. सगळी धावपळ माझ्याकडे होती. पहारेकऱ्याला वाटलं, कुठेतरी जोरात खरचटलंय. त्याने मलम आणून दिलं, ते मी लावूनही घेतलं.

तर असा हा व्याप. पत्र फार लांबलं, सुट्टी संपत आली. गुडघ्याला जप, जेवत जा, आणि जमलं तर दुकानाचं दार नुसतं उघडून बस, काम घेतलंच पाहिजे असं नाही. तुझ्या पायांवर डोकं ठेवून,

तुझा धाकटा

ता. क. आता ज्यासाठी एवढी पानं खर्ची घातली ते. ती निळी वही ऑफिसात नाही, म्हणजे तुझ्या घरी असणार. त्यांचं कपाट तू अजून उघडलेलं नाहीस हे मला माहीत आहे. नुसता हात घालून, न बघता, चाचपून बघता येईल का? नाहीतर राहू दे. मी येऊन बघतो.

ता. क. दुसरा. कपाट उघडू नकोस. वरचं सगळं खरं आहे, फक्त वही सापडली नाही हे खरं नाही. ते खोडायचं तर पाचवा कागद घ्यावा लागेल आणि पाचवा कागद घेतला तर हे पत्र कधीच जाणार नाही. वही तीन आठवड्यांपूर्वी सापडली. मांडण्यांच्या मधून सुटून त्या दिवशी घरी आलो आणि उगाच, मलमाचा हात पुसायला फडकं हवं म्हणून, दारामागची तुझी डब्याची पिशवी खिळ्यावरून काढली. डबा मी तेव्हाच घासून फळीवर ठेवला होता, पिशवी मात्र आठ महिने तिथेच लटकत होती. तळाशी काहीतरी कडक लागायचं, ते मी पिशवीचा पुठ्ठा समजत होतो.

पान एकेचाळीसवर तुझी टेप काढलेली आहे. खरंच. तुझी कपडे मोजायची टेप, दोन्ही बाजूंनी, आकड्यांसकट. खाली लिहिलंय, ‘हिच्या टेपला दोन एक आहेत. पुढच्या बाजूचा एक या टोकाला, मागच्या बाजूचा त्या टोकाला. ही मोजायच्या आधी टेप नेहमी उलटून बघते. रांगेनेही तेच करावं. आधी बाजू, मग माप.’ म्हणजे चाळीस मिनिटांची ती सगळी रांग तुझ्याकडे बघून लिहिली होती, आणि हे त्यांनी तुला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तुझ्या तोंडावर तुझं कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्या मंगळवारची तारीख आहे. जसंच्या तसं उतरवतो. ‘शालकबुवांची रांग अकरा मिनिटांत. शाबास. जोडताना बाजू बघत नाही, तेवढं सांगायला हवं. चारचौघांत नको, पहिल्यांदाच त्याचं नाव झालंय. रविवारी जेवायला येईल तेव्हा सांगेन. हिच्यासमोरही नको. जेवण झाल्यावर, गॅलरीत.’ त्याखाली रविवारची एकच ओळ आहे. ‘आला नाही. ताप आहे म्हणे. वही देऊन येतो, वाचेल.’

ते सफरचंद तू ठेवलं नव्हतंस ना?

ता. क. तिसरा. परवाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि भावजींचा प्रश्न आणि माझं उत्तर दोन्ही सगळ्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवलं, या वेळी कुणी हसलं नाही. प्रशस्तिपत्रक मी स्वतः उतरवलं. एकेचाळीसाव्या पानावरून रांग पुन्हा लिहिली आहे, तिला त्रेचाळीस मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं माझी, भावजी असते तर तीही वाचली असती. थेंबबाईंनी नवी नळी घेतली आहे आणि वर्षअखेरपर्यंत होईल म्हणतात. होईल की नाही मला माहीत नाही, त्यांनाही नाही.

या रविवारी मी डबा आणि वही घेऊन येतोय. दार उघड. नाही उघडलंस तर पायरीवर बसून राहीन, पण या वेळी येणार म्हणजे येणार. काही करून ठेवू नकोस. मला ताप नाही, ताई. तेव्हाही नव्हता.